गुळमारीचा पाला

महाड,
२२ एप्रिल २०२५

प्रिय सुहासदादा,

सप्रेम जयभीम. आम्ही सगळी खुशाल. वहिनीची आणि दीक्षाची लग्नाची खरेदी उरकली असेलच. इकडे ऊन मी म्हणतंय.

खुशाल लिहिलं आणि पेन ठेवलं, उठून पाणी प्यायले, पुन्हा बसले. फोनवर आबांच्या साखरेचं नाव काढलं की तू फटकन ठेवून देतोस, म्हणून हा कागद.

आबांची साखर उतरली. झालं तुझं समाधान? दिवाळीत भर पंगतीत त्यांच्या हातातली करंजी काढून घेतलीस आणि म्हणालास, "साखर आटोक्यात नसेल तर दीक्षाच्या लग्नाला येऊ नका, मला मांडवात धावपळ नको." तू विसरला असशील. ते नाही विसरले.

वाडीमागच्या रानातला गुळमारीचा वेल आठवतो? लहानपणी त्याचा पाला चघळून वर गूळ खायचो आणि मातीसारखा लागला की हसत सुटायचो. तोच पाला आबा रोज अनशापोटी चघळत होते. जिभेला गोड कळलंच नाही तर मागणार कोण, हा त्यांचा हिशोब. वर डॉक्टरांची गोळी चालूच. आईला वाटलं, गुण येतोय.

रविवारी मी वाडीवर गेले होते. नुकताच पाला चघळून बसलेले आबा ओट्यावर घामाने निथळले, हात लटपटले, काहीबाही बरळायला लागले. आईने तोंडात साखर घातली, तर थू करून टाकली. "रेती घालतेस व्हय गो माझ्या तोंडात?" मी ओरडले, रडले, हात धरले, त्यांनी मलाच ढकललं. मग बोलणंच थांबलं. मला वाटलं, गेले आबा. श्रीपतच्या रिक्षातून महाडला आणलं, सलाइनमधून साखर गेली तेव्हा डोळे उघडले. डॉक्टर म्हणाले, साखर पाल्यानेही उतरते नि गोळीनेही, त्यात उपाशी पोट.

तर खुशाल काही नाही, दादा. आबा अजून दवाखान्यातच आहेत. तुला कळवायचं नाही म्हणून मला शपथ घातलीय. नर्स बोट टोचायला आली की विचारतात, "किती आली गो? सुहास येऊ देल ना आता?"

तुझा इतका राग आलाय की अक्षर धड येत नाही. पण आबांच्या या प्रश्नाचं उत्तर मी देणार नाही, तू द्यायचंस. पहिली पत्रिका घेऊन स्वतः ये. डॉक्टरांना विचारलंय, पेढ्याचा एवढासा तुकडा चालेल. तो तुझ्या हाताने भरव. पाला बंद झालाय, आता त्यांना गोड कळतं.

आबांच्या खाटेशी बसून दाराकडे बघणारी,
सरिता