लाल त्रिकोणाची गंमत

तळेगाव (श्यामजी पंत)
ता. २१ नोव्हेंबर १९७६

ती. किसनदादास,

धाकट्या बहिणीचा, धुरपताचा, नमस्कार. वहिनीला नमस्कार सांग, लेकरांना आशीर्वाद. आम्ही सगळे खुशाल आहोत. तुमची खुशाली पिपरी मेघेहून आलेल्या माणसांकडून कळते, तुझ्याकडून कळत नाही. माझ्याकडूनही तुला कळली नाही, म्हणून दोष देत नाही. तू आपल्या खडी गंमतीचा फड सोडून गेलास तेव्हापासून तुझं नाव निघालं की हे उठून बाहेर जातात. आज हे कार्यक्रमांच्या तारखा घ्यायला वर्ध्याला गेले आहेत आणि घरात मी एकटी आहे.

औंदा संत्रा बरा आहे. कापसाची वेचणी सुरू आहे. आमच्या घरावर नवे टिनाचे पत्रे चढले. सासूबाईंचे गुडघे तसेच.

सरकारी कार्यक्रम लागल्यापासून गावाला आधार झाला, हे खोटं बोलणार नाही. आधी आपली गंमत दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेपुरती असायची. बाकीचं वर्ष ढोलकीवाला दुसऱ्याच्या वावरात निंदण करायचा आणि तू लिहिलेली कवनं खुंटीला टांगलेली असायची. आता मानधन मिळतं, येण्याजाण्याचा खर्च मिळतो. ढोलकीवाल्यानं बकऱ्या घेतल्या. आपल्या शेजारची देवकाबाई कढई घेऊन गंमतीच्या मागे मागे फिरते. डफ वाजला की माणसं जमतात, माणसं जमली की भजे खपतात. कासार, फुटाणेवाले, पानवाले, सगळे ह्यांना विचारून आपला बाजार ठरवतात. फक्त गंमतीच्या मागच्या पडद्यावर मोठा लाल त्रिकोण आला आणि वगात कुटुंब नियोजनाची वाक्यं आली. तेवढ्यानं काय बिघडतं, असं मी सगळ्यांना सांगत होते.

दादा, एक विचारायचं आहे. कुटुंब नियोजनाच्या साहेबांनी छापील वाक्यं दिली आणि तू म्हणालास, "माह्या तोंडात दुसऱ्याचे शब्द नाई," एवढंच मला माहीत आहे. हे म्हणाले, किसनले गर्व झाला. मी तेच खरं धरलं. पण तेवढ्यासाठी कोणी आपलं गाव सोडून जिनिंगमध्ये रुईचे बोजे उचलायला जातो का? आता ते मला पटत नाही.

मागच्या महिन्यात आष्टीकडच्या एका गावी बाजाराच्या दिवशी गंमत होती. गावाचं नाव लिहीत नाही. आजकाल पत्रं कोण फोडून वाचतं ते सांगता येत नाही. तिकडे नसबंदीच्या जीपच्या धाकानं गडीमाणसं वावरातच राहत होती, गावात नुसत्या बाया आणि म्हातारे. सकाळी निघायच्या वेळी हे मला म्हणाले, "अण्णाजीले ताप हाय. त्याले आज घरीच राहू दे." माझा दीर अण्णाजी, तूच तुणतुणं शिकवलंस त्याला. आजपर्यंत त्यानं एक कार्यक्रम चुकवला नाही. मी कपाळाला हात लावून पाहिला, थंडगार. म्हटलं, "कुठं हाय ताप?"

हे म्हणाले, "येईन ताप दुपारपर्यंत."

मला वाटलं, भावाभावांत काही झालं असेल. मला मिरची घ्यायची होती म्हणून मीही देवकाबाईच्या सोबतीनं गेले.

डफ ऐकून माणसं वावरातून आली. आधी लांब उभी राहिली, मग हळूहळू पुढे सरकली. ह्यांनी गंमत अशी काही रंगवली, की माणसं पोट धरून हसत होती. किती तरी दिवसांनी ते गाव हसत असावं. आणि त्याच वेळी शाळेच्या मागून जीप आली, जीपच्या मागे ट्रक.

माणसं तुरीत पळाली. देवकाबाईचा लेक नत्थू पळू शकला असता. पण त्याच्या हातात उकळत्या तेलाची कढई होती आणि आजूबाजूला लेकरं. ती टाकून तो पळाला नाही. नीट खाली ठेवेपर्यंत त्याला दोघांनी धरलं.

वैशाखात लग्न झालं त्याचं. देवकाबाई साहेबांच्या पाया पडून सांगत होती, "याले लेकरू नाई जी, एकबी नाई." कोणी ऐकलं नाही. नत्थू परत आला तेव्हापासून घरात कोणाशी बोलत नाही. त्याच्या बायकोला माहेरचे येऊन घेऊन गेले.

आणि जे लिहायचं ते राहूनच जात आहे. ट्रक भरत होता तेव्हा हे डफ वाजवतच होते. थांबले नाहीत. मी पाहिलं.

तुला माहीत होतं का? साहेब वाक्यांशिवाय आणखी काही बोलले होते का? ह्यांना मी विचारू शकत नाही. "नाई" म्हणाले तर माझा विश्वास बसणार नाही, आणि "हो" म्हणाले तर ह्या घरात भाकरी कशी थापू? उत्तर आमच्या पत्त्यावर नको. देवकाबाईच्या नावानं पाठव. तिला वाचता येत नाही, ती माझ्याकडेच आणेल.

तुझी,
धुरपता


तळेगाव (श्यामजी पंत)
ता. ९ जानेवारी १९७७

ती. किसनदादास नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. संक्रांतीची तयारी चालली आहे, तीळ धुऊन वाळत घातले आहेत. वहिनीला सांग, तिच्यासाठी हिरव्या बांगड्या ठेवल्या आहेत.

"तुम्ही माणसं जमवा, बाकी आम्ही पाहतो," असं साहेब तुझ्यासमोर आणि ह्यांच्यासमोर बोलले होते, हे तू लिहिलंस. मी वाचलं आणि पत्र चुलीत घातलं. तू तेव्हाच मला काऊन सांगितलं नाहीस? बहिणीचा संसार मोडू नये म्हणून, असं तू म्हणशील. तुझ्या गप्प बसण्यानं नत्थूचा मोडला. हा राग माझ्या मनात आहे, तो भेटीतच काढीन.

पुढचा कार्यक्रम नदीपलीकडच्या गावी ठरला होता. त्याच्या आधीच्या बाजाराला मी आणि देवकाबाई तिथे गेलो. ह्यांना सांगितलं, देवकाबाईला एकटीला जाववत नाही. आम्ही कढई मांडली. भजे बांधून देता देता मी प्रत्येक बाईला सांगितलं, "पुढच्या बाजारी डफ वाजला, तर आपल्या माणसाले गावात येऊ देजो नको."

एकीनं विचारलं, "कोणाचा डफ व बाई?"

म्हटलं, "माह्या नवऱ्याचा."

तिनं भजे घेतलेच नाहीत, तशीच निघून गेली. पण तिनं पुढे सांगितलं असावं.

पुढच्या बाजाराला हे गेले. तिथलं मला ढोलकीवाल्यानं सांगितलं. डफ वाजवून वाजवून ह्यांचे हात दुखले, समोर दोन म्हाताऱ्या आणि एक बांधलेली म्हैस. तरी ह्यांनी गण सोडला नाही, वग सोडला नाही, सगळं पुरं केलं. साहेब जीपला टेकून उभे होते. ट्रक रिकामा गेला आणि जाताना साहेबांनी सांगितलं, तुमची पार्टी बंद.

हे घरी आले ते तुझंच नाव घेत. "हे किसनचं काम! जळते तो माह्यावर. पिपरीले जातो अन् त्याची गचांडी धरून विचारतो." सगळ्या पार्टीनं मान डोलावली. बकऱ्या विकाव्या लागतील, ह्याचा राग काढायला त्यांनाही कोणी तरी हवंच होतं. दादा, तुझ्या नावावर घालून गप्प बसणं मला सोपं होतं. तू लांब आहेस. एक दिवस मी बसलेही.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे पिशवी भरत होते. मी भाकर बांधून दिली आणि म्हटलं, "पिपरीले काऊन जाता? मी सांगतलं तिथं."

"तू?"

"मी. देवकाबाई संग होती."

"तुले काय माहीत होतं?"

"अण्णाजीले ताप नव्हता."

हे खाली बसले. मारतील असं वाटलं होतं, मारलं नाही. मग म्हणाले, "मले वाटलं, तीन-चार लेकरंवाले नेतीन. सायेब म्हणे, तुम्ही नाई केलं तर दुसऱ्या गावची पार्टी तयार हाय. एवढ्या घरच्या चुली चालू होत्या धुरपता, ह्या एका डफावर."

म्हटलं, "लेकरंवालेच नेतीन असं वाटलं, तर ज्याले लेकरूच नाई त्या अण्णाजीले काऊन ठेवलं घरी?"

पिशवी तिथेच राहिली.

संध्याकाळी हे देवकाबाईकडे गेले. तिनं पाणी दिलं, पण आत ये म्हटलं नाही. नत्थू मागच्या दारानं निघून गेला. हे ओसरीवर बसून परत आले आणि तेव्हापासून नीट जेवत नाहीत. ढोलकीवाला कापूस वेचायला जातो आणि रस्त्यात मी दिसले की दुसरीकडे पाहतो. देवकाबाई आता एसटी स्टँडवर कढई मांडते. गंमतीसारखा धंदा होत नाही. मी तिला म्हटलं, तुझं नुकसान झालं. ती म्हणाली, "होऊ दे व." एवढंच.

आता मुख्य गोष्ट. संक्रांत झाली की हे तुझ्याकडे येणार आहेत. भांडायला नाही. म्हणतात, किसनची माफी मागतो, त्याच्याकडून नवी कवनं घेतो, लाल त्रिकोण उतरवून आपली जुनी गंमत उभी करतो. सरकारचा पैसा नको, मंडईत माणसं देतील ते बस. बोलताना डोळ्यांत पाणी होतं. माझंही मन भरून आलं.

पण काल वर्ध्याहून एक पांढऱ्या कपड्यातला माणूस आला होता. दार लोटून दोघं बोलत बसले. मी चहा घेऊन गेले तर गप्प झाले. तो गेल्यावर विचारलं, कोण होते? हे म्हणाले, "असाच, ओळखीचा." नाव सांगितलं नाही.

खरंच ओळखीचा असेल. कदाचित माझ्याच मनात आता खोट शिरली आहे, आणि चांगल्या माणसाच्या पाण्यातही मला गाळ दिसतो. असं असेल तर देवानं मला माफ करावं. पण तू ह्यांना पोटभर जेवू घाल, अंथरूण दे, जुन्या गोष्टी काढून हसा, आणि कवन मात्र हातात देऊ नको. त्या कवनांवर पुन्हा कोणासाठी माणसं जमवायची आहेत, ते आपल्याला ठाऊक नाही. तो माणूस कोण होता, हे त्यांनी तुला आपणहून सांगेपर्यंत तरी नको. तू विचारू नको. वाट पाहा. सांगितलं तर मला दोन ओळी लिही, मी देवापुढे दिवा लावीन. नाही सांगितलं तर तेही लिही.

मी ह्याच घरात आहे. कुठे जात नाही.

तुझी बहीण
आणि अजून तरी रूपरावची बायको,
धुरपता