देवाचा सांड आणि आपली तार

माय, तुला आणि आपल्या वस्तीतल्या साऱ्या कास्तकार बायांना एकच दुखणं होतं: पेरायचं आपण आणि चरायचं देवाच्या सांडानं! गावानं देवाच्या नावानं सोडलेला तो सांड पाटलाच्या तुरीत शिरला, की पाटलाचे गडी त्याला चुचकारत आपल्या वस्तीच्या ज्वारीकडं हाकत. आपण काठी उगारली तर मात्र पाप. आपण बुद्धाला शरण गेलो, देव सोडले; पण देवाचा सांड काही आपल्याला सोडत नव्हता.

बाबा अकोल्याच्या मिलमध्ये, शेत तुझ्या एकटीवर. मामा सरकारी फार्मवर गडी होता. तिथल्या साहेबांनी वापरून पाहायला दिलेला, कुंपणाच्या तारेत हलका झटका सोडणारा बॅटरीचा डबा तो घेऊन आला. फुटक्या बाटल्यांची तोंडं खांबांना बांधून आपण त्यांतून तार ओढली. सकाळी सांड आला, त्यानं ऐटीत नाक लावलं, आणि काय सांगू, तो डोंगराएवढा प्राणी वासरासारखा हंबरत पळाला! मी बांधावर नाचले. एवढी मोठी, अमरावतीच्या कॉलेजात शिकणारी पोरगी, चक्क नाचले.

दुपारी पाटील गाव घेऊन आला. "देवाच्या सांडाले करंट देता? मेला असता म्हंजे?"

मी पुढं झाले. हक्क, कायदा, समता, सगळं एका दमात बोलले. पाटील शांतपणे म्हणाला, "पोरगी चांगली बोलते. तार काढा."

"बाई, तू थांब जराशी," तू मला म्हणालीस, आणि सरळ तार धरलीस. टक्! हात खांद्यापर्यंत उडाला, काचेची बांगडी खांबावर आपटून फुटली. तू पुन्हा धरलीस.

"पाहा, मेली का मी? सांडानं धरली, बाईनं धरली. आता तुमी धरा, पाटील."

"धरा ना पाटील, गुदगुल्या होतात!" मागून कोणीतरी ओरडलं आणि सारं गाव हसलं. पाटलानं हात धोतरात लपवले आणि तो चालता झाला. आठवड्याच्या आत सांड त्याच्या तुरीत घुसला. आता हाकायला आपलं रान मोकळं नव्हतं. शेवटी देवाचा सांड दाव्याला बांधला गेला, तोही पाटलाच्याच गोठ्यात!

माय, ही गोष्ट मी सभासभांतून सांगते. शेवटी म्हणते, पाटलानं हात जोडून माफी मागितली. टाळ्या पडतात. ते खोटं आहे. तो मरेपर्यंत आपल्याशी बोलला नाही, आणि तुला त्याचं काही वाटलं नाही. तू आपली ज्वारीची कणसं खुडत राहिलीस. आता तूही गेलीस; हे पत्र कुठं टाकायचं, मला ठाऊक नाही. पण उद्याच्या सभेत माफी गाळणार आहे. एवढंच सांगणार: बायांनो, कोणाच्या माफीची वाट पाहू नका. आधी तार ओढा!