शिवून ठेवलेली अकरा मिनिटं

प्रिय ताई,

आधी खाली बस. उभ्याने वाचू नकोस, आणि चष्मा सापडत नसला तर शेजारणीकडून वाचून घेऊ नकोस. हे पत्र तिच्या कानांसाठी नाही. फोन केला असता, पण फोनवर तू मला तीन वाक्यांपुढे जाऊ देत नाहीस. आयुष्यभर परिचारिकांना शिस्त लावलीस, आता त्या नाहीत तर भाऊ आहेच हाताशी. आणि ही बातमी तीन वाक्यांत मावायची नाही. सापडलं, ताई! तुझं भाषण सापडलं. अख्खंच्या अख्खं. एक शब्द इकडचा तिकडे नाही.

बैजवार सांगतो. प्रांतिक महिला संघाला या वर्षी शंभर वर्षं होतायत आणि त्यांचा इतिहास माझ्या छापखान्यात छापला जातोय, हे तुला मागे लिहिलं होतं. तू उत्तरात हवामान कळवलंस. समजलो. पण आता ऐकावंच लागेल. तीन आठवडे माझ्या कचेरीवर बायकांचं राज्य आहे. माझ्या टेबलावर संघाच्या बावीस वह्या, माझ्या खुर्चीत मास्तरीणबाई आणि मी दारात उभा. मास्तरीणबाई म्हणजे इतिहासाच्या लेखिका. शाळेतून निवृत्त होऊन दहा वर्षं झाली, पण बोट अजून खडू धरल्यासारखंच धरतात. खजिनदारीणबाईंना सगळ्या मागून 'कात्री' म्हणतात, कारण मजकूर दिसला की त्यांना तो कापावासा वाटतो. आणि कोपऱ्यात शाल गुंडाळून बसतात पाळकीणबाई. हो, त्याच. आपल्या प्रार्थनामंदिराच्या जुन्या पाळकसाहेबांच्या पत्नी, तुझ्या वेळच्या अध्यक्षा. एक्याण्णव वर्षांच्या झाल्या. एका कानाने ऐकू येत नाही आणि दुसऱ्याने हवं तेवढंच येतं. "हा फोटो कुठल्या सालचा?" म्हणून कानाशी ओरडलं तरी ढिम्म. दुसऱ्या खोलीत कुणी चहाचं कुजबुजलं की लगेच, "माझ्यात साखर कमी."

माझे कान तुला ठाऊक आहेतच. मशीनचा कुठला दात झिजलाय ते मला आवाजावरून कळतं आणि कुठल्या बाईचं कुणाशी बिनसलंय तेही. त्यामुळे शंभर वर्षांचा इतिहास मी कचेरी आणि मशीनमधल्या लाकडी फळीच्या अलीकडून फुकटात ऐकला. काय बायका होत्या गं! पहिली सभा धुलाईखान्याच्या मागच्या खोलीत, बायका सात. वहीत लिहिलंय: "प्रार्थना झाली. दोन मुलं रडली. ठराव पहिला: पुढच्या सभेला मुलं नवऱ्यांकडे ठेवून यावे. ठराव दुसरा: पहिला ठराव घरी आधी सांगू नये." मी फळीमागे हसून हसून खाली बसलो. पुढे तापाची साथ आली तेव्हा यांनी प्रार्थनामंदिराच्या सभागृहात खाटा मांडल्या, आणि मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंचांना पत्ता लागला नवव्या दिवशी. त्या दिवशीची नोंद ऐक: "पंचांची लेखी हरकत वाचली. आणखी सहा खाटा लागतील." बस. पुढचा विषय. कात्रीबाईंना ही नोंद 'जरा उद्धट' वाटली आणि काढून टाकायची होती. मास्तरीणबाई म्हणाल्या, "तुमच्या आजीच्या हातची आहे ती." मग राहिली.

एवढ्या धीट बायका, पण एका गोष्टीत छप्पन्न वर्षं अडल्या. शास्त्रपाठ वाचायचा तो खाली, फरशीवर उभं राहून. व्यासपीठाच्या चार पायऱ्या फक्त पुरुषांच्या. अगदी महिला रविवारी सुद्धा संदेश द्यायला बाहेरगावचा कुणीतरी बाप्या बोलवायचा. आणि चव्वेचाळीस वर्षांपूर्वीच्या त्या महिला रविवारी पाहुण्यांची बस वाटेत बंद पडली. संघाची चिटणीस सव्वीस वर्षांची होती. ती उठली, पायऱ्या चढली आणि अकरा मिनिटं बोलली. मी शेवटच्या बाकावर होतो, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होतो. मला तेव्हा काही कळलं नाही, एवढंच कळलं की खोकणारी माणसंसुद्धा खोकायची थांबलीत.

पुढचं तुला मी काय सांगणार! पंच बसले. तोवर सभागृहाला कुलूप; आठ दिवसांत चिटणिसाचा लेखी माफीनामा, नाहीतर ते संघाला कायमचं बंद. तू म्हणालीस, एक ओळ लिहून देणार नाही. सातव्या दिवशी ट्रंक उचललीस आणि परिचारिकांच्या कॉलेजात निघून गेलीस. आणि दहाव्या दिवशी सभागृह उघडलं, हे तुला आईच्या पत्रातून कळलं. तू एकच वाक्य उलट लिहिलंस: "म्हणजे त्यांनी मला विकलं." त्यानंतर प्रार्थनामंदिराच्या फाटकाच्या आत तू पाऊल ठेवलं नाहीस. आईला शेवटचं आणलं तेव्हासुद्धा तू रस्त्यावर उभी होतीस आणि आत गीत चाललं होतं. मी ते गीत म्हणत नव्हतो, ताई. मी काचेतून तुझ्याकडे बघत होतो.

आता मंगळवारचं ऐक. जुन्या वह्यांच्या पानांचे फोटो काढायचं काम चाललं होतं. तुझ्या सालची वही माझ्या हातात आली. पानं उलटताना एक पान अंगठ्याला जाड लागलं. कागद ओळखायला मला डोळे लागत नाहीत. उजेडात धरलं तर दोन पानं एकमेकांना चिकटलेली. पण खळीचा डाग कुठे नाही. नीट बघितलं आणि मी ओरडलोच, "अहो बाई, हे शिवलंय!" तिन्ही कडांनी पांढरा दोरा, इतके बारीक टाके की कागदाचीच वीण वाटावी. पंचांनी तुझ्या भाषणाची नोंद फाडून टाकायला सांगितली होती, हे त्याच पानाच्या पाठीवर लिहिलेलं आहे. आणि बायकांनी काय करावं? फाडली नाही. शिवून टाकली! शिवणवर्ग चालवणाऱ्या बायका त्या. नको ते आत दुमडायचं आणि वरून टाका दिसू द्यायचा नाही, हे त्यांना कुणी शिकवायला हवं का? नऊ जणी माझ्याभोवती गोळा झाल्या. सगळ्या एकदम बोलायला लागल्या, आणि कोपऱ्यातून, ज्यांना काही ऐकू येत नाही त्या पाळकीणबाई म्हणाल्या, "जपून उसवा. टाका माझा आहे."

कात्रीबाईंनी पर्समधून खरोखरची कात्री काढली. जन्मात पहिल्यांदा त्यांनी काही उघडण्यासाठी कापलं असेल. आत पेन्सिलीने भरलेली दोन पानं. अक्षर पाळकीणबाईंचं. पहिल्या बाकावर बसून, मांडीवर वही ठेवून, तू बोलत होतीस तसं त्या लिहून घेत होत्या. तू वरून त्यांचं खाली घातलेलं डोकं पाहिलंस आणि तुला वाटलं, बाईंना लाज वाटतेय. मला सांगितलं होतंस तू. त्या लिहीत होत्या गं!

आताच्या पाळकबाई आल्या होत्या. हो, पाळक आता बाईच आहेत, चौतीस वर्षांच्या, स्कूटरवरून येतात आणि हेल्मेट माझ्या कागदाच्या गठ्ठ्यावर ठेवतात. त्यांनी मोठ्याने वाचायला घेतलं. माझ्या मशीनवाल्याने आपण होऊन मशीन बंद केलं. पगार वाढवला तेव्हाही त्याने ते केलं नव्हतं. "या घराची फरशी आम्ही पुसतो तेव्हा या चार पायऱ्याही आम्हीच पुसतो. पुसायला चढलेलं चालतं, मग बोलायला का नाही?" इथे पाळकबाईंनी वही खाली घेतली. मग त्या म्हणाल्या, "शताब्दीच्या रविवारी हाच संदेश होणार. आणि ज्यांनी दिला होता त्याच तो देणार. त्या चार पायऱ्यांवरून." सगळ्या टाळ्या वाजवायला लागल्या. मास्तरीणबाई माझ्याच रुमालाला नाक पुसत म्हणाल्या, अख्खं प्रकरण नव्याने लिहायचं, आणि त्याची सुरुवात तुझ्यापासून.

आणि तेवढ्यात त्या शिवलेल्या पानांतून एक घडी घातलेला कागद खाली पडला. माफीनामा. तुझ्या नावाचा, खाली तुझी सही. "माझ्याकडून मर्यादेचा भंग झाला, त्याबद्दल मी पंचांची क्षमा मागते." मग जुंपली. कात्रीबाई, ज्यांनी आजवर सगळं कापलं, त्या म्हणाल्या, "छापायचा. भाषणासमोरच्याच पानावर. इतिहास आहे, लग्नाचा फोटो नाही, नावडता पाहुणा कडेने कापायला." मास्तरीणबाई म्हणाल्या, "बिचारीने काय मनाने लिहिलं असेल!" तिसरी म्हणाली, "म्हणजे शेवटी वाकलीच की." तो शब्द मला मशीनच्या दातासारखा टोचला. पाळकबाईंनी निकाल दिला: दोन्ही पानं थांबवायची, आधी तिला विचारायचं. मग माझ्याकडे वळून, "तुम्ही भाऊ. तुम्हीच लिहा." पाळकीणबाईंनी तो कागद हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला, माझ्याकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "अक्षर फार सुबक आहे. छापल्यासारखं." आणि चहा मागितला.

त्यांनी सांगितलेलं काम इथवर झालं. आता माझं. ताई, तो कागद मी लिहिला. तू गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी. मी एकोणीस वर्षांचा होतो, दुसऱ्याच्या छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवत होतो, कुणाचीही सही हुबेहूब करायचो आणि त्याचं मला कौतुक होतं. सभागृह बंद तर आईचा शिवणवर्ग बंद, आणि आई दिवसभर नुसती हात मांडीवर ठेवून बसलेली मला बघवेना. एवढं कारण पुरेसं आहे असं मला तेव्हा वाटलं, आज वाटत नाही. कागद घेऊन पाळकीणबाईंकडे गेलो. त्यांनी दारातच वाचलं आणि विचारलं, "तिने लिहिलं?" मी म्हणालो, हो. त्यांनी तो पंचांना दाखवून परत आणला आणि कुणी पुन्हा वाचू नये म्हणून शिवून टाकला, हे मला मंगळवारी कळलं. वर्षभराने संघाचा अहवाल छापायचं काम त्यांनी मला दिलं, 'घर समंजस आहे' म्हणून. माझ्या स्वतःच्या नावावरचं ते पहिलं काम. माझा छापखाना त्याच्यावर उभा आहे. लोक सभांमधून मला स्वकष्टाने वर आलेला माणूस म्हणतात आणि मी नम्रपणे मान खाली घालतो. तू तुझ्या विद्यार्थिनींना सांगत आलीस की मी एक ओळही लिहून दिली नाही. खरं आहे ते. ओळ माझी होती. आणि त्यांनी तुला विकलं असं तू चव्वेचाळीस वर्षं समजत राहिलीस, कारण मी तोंड उघडलं नाही. येत्या रविवारी उपासनेनंतर मी त्या सगळ्यांपुढे उभा राहून हे सांगणार आहे. पण ते तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून आज लिहितोय. त्यांचं आमंत्रण माझ्या पापाला जोडून वाचू नकोस. त्या तुला खरोखर बोलावतायत, आणि मी नको असलो तर त्या दिवशी मी फाटकाबाहेर उभा राहीन. माफीनामा छापला जाईल. त्याच्याखाली जायची ओळ मी काल जुने खिळे काढून हाताने जुळवली, तिचा कच्चा छाप सोबत जोडलाय: "हा कागद चिटणिसाने लिहिलेला नाही. तिला न विचारता, तिच्या नावाने, तिच्या भावाने लिहिला." तुझं उत्तर येईपर्यंत ते पान मशीनवर चढणार नाही. शब्द बदल, कडक कर, हवी तर आणखी एक ओळ घाल, जागा ठेवली आहे. फक्त 'भावाने' हा शब्द तेवढा खोडू नकोस.

अजून म्हणवत असेल तर तुझाच,
धाकटा