एका करदात्याची माघार

आदरणीय दाजी,

पत्राच्या आरंभी नमस्कार लिहायची रीत आहे म्हणून नव्हे, तर या खेपेला माझी मान तशीही खालीच आहे म्हणून वाकून नमस्कार करतो. तुमचा गुडघा कसा आहे? ताईचा खोकला थांबला का? (थांबला नसेल तर तिला म्हणावं, कोमट पाणी पी आणि बातम्या बघू नकोस. बातम्यांनी खोकला वाढतो असं डॉक्टर म्हणत नाहीत, पण डॉक्टरही बातम्या बघतातच.) आमच्याकडे सगळं ठीक आहे असं लिहिणार होतो. तीनदा लिहिलं, तीनदा खोडलं. तब्येती ठीक आहेत. बाकीचं पुढे सांगतो. तुम्ही एकटे असताना वाचा आणि ताईला फक्त तब्येतीचा भाग ऐकवा.

माझी मतं तुम्हाला ठाऊक आहेत. (जेवताना ऐकलीत, प्रवासात ऐकलीत, तुम्हाला सलाईन लावलं होतं तेव्हाही ऐकलीत. तेव्हा तुम्ही डोळे मिटलेत ते झोप लागली म्हणून, असं मी परवापर्यंत समजत होतो.) अंथरूण पाहून पाय पसरावेत हे घराला लागू तसं सरकारलाही लागू, एवढंच माझं म्हणणं. चाळीस वर्षं मी लोकांच्या पँटी शिवल्या. आधी कापड मोजायचं, मग कातर लावायची. सरकार आधी कातर चालवतं आणि मग कापड उसनं आणायला धावतं. आमच्या नगराध्यक्षांची पँट मी घरच्या मशीनवर चार वर्षांत तीनदा कमरेला सैल केली आहे, त्यामुळे सार्वजनिक खर्च कुठल्या दिशेनं चाललाय हे मला अर्थतज्ज्ञानं सांगायची गरज नाही. मी हे सगळं घरात बोलायला लागलो की तुमची वहिनी म्हणते, राज्य चालवणं म्हणजे घर चालवणं असेल तर तुम्ही त्यात पडू नका, घर तरी कुठे तुम्ही चालवलंत.

तर मी वर्तमानपत्राला पत्रं लिहितो, हेही तुम्हाला ठाऊक आहे. सही ‘एक करदाता’. आजवर साठेक पत्रं छापून आली, आणि दोन महिन्यांपूर्वीपर्यंत त्यांतल्या एकाही पत्रामुळे या जगात केसभरही फरक पडला नाही, याची मी तुम्हाला ग्वाही देतो. व्याजदरावर लिहिलं, दर तसाच राहिला. फुकट वाटपावर लिहिलं, वाटप वाढलं. वर्तमानपत्रात बातम्या कमी आणि जाहिराती फार, असं वर्तमानपत्रालाच लिहिलं, तर ते पत्र त्यांनी गाद्यांच्या जाहिरातीच्या खाली छापलं. त्या रागात मी घरचा अंक बंद केला. मग माझी पत्रं छापून आली की नाही हे बघायला रोज सकाळी कोपऱ्यावरच्या नगरपालिकेच्या वाचनालयात जायला लागलो. तिथे अंक फुकट असतो.

आता मुद्द्यावर येतो. (येतच होतो, पण पाय जड झालेत.)

दोन महिन्यांपूर्वी नगरपालिकेचा अर्थसंकल्प आला. त्यात वाचनालयाच्या खर्चाची ओळ होती. ती मी वाचनालयातच बसून वाचली. मोठी खिडकी आहे, तिच्याखाली लांब टेबल आहे, उजेड असा की काळ्या कापडावर काळा टाका घालावा. पाणी प्यालो, पंखा एक घर वाढवला आणि लिहायला घेतलं. मोबाइलच्या जमान्यात चार रिकामटेकड्यांना सावलीत बसवण्यासाठी करदात्याचा पैसा का खर्चावा, अशी सुरुवात केली. सुरुवात मला फार आवडली. (त्या चार जणांत मी पाचवा, हे तेव्हा डोक्यात आलं नाही. खरंच आलं नाही, दाजी. तुम्ही विश्वास ठेवणार नाही, पण माणूस स्वतःला कधी मोजत नाही.) मध्येच एका शब्दावर अडलो. ‘अनुत्पादक खर्च’ यातला नु ऱ्हस्व की दीर्घ? उठून ग्रंथपालबाईंना विचारलं. त्यांनी कपाटातून जाड कोश काढला, पान उघडलं आणि शब्दाखाली बोट ठेवून मला दाखवला. ऱ्हस्व होता. मी आभार मानले, जागेवर येऊन बसलो आणि तो शब्द बाईंच्याच पगाराला चिकटवला.

पत्र छापून आलं. आठवड्यानं इथल्या वृत्तवाहिनीची एक तरुण मुलगी माइक घेऊन घरी आली. वर्तमानपत्राच्या कचेरीतून तिनं माझा पत्ता मिळवला होता. नाव सांगणार नाही, चेहरा दाखवायचा नाही, या अटीवर मी बोललो. तिनं मान्य केलं. वीस मिनिटं बोललो. अर्थव्यवस्थेचा कणा, फुकटाची सवय, पुढच्या पिढ्यांवरचं ओझं, सगळं सांगितलं. ती मान डोलवत होती. मला वाटलं, मुलगी हुशार आहे.

त्यानंतर नगरपालिकेचा शिपाई एक पाकीट घेऊन आला. आत प्रशस्तिपत्र होतं. जागरूक करदात्याच्या सूचनेची दखल घेऊन काटकसरीचा निर्णय घेतल्याबद्दल नगराध्यक्षांनी माझे आभार मानले होते. (निर्णय त्यांनी घेतला आणि आभार माझे, हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं.) तीस वर्षांत पहिल्यांदा सरकारनं माझं ऐकलं होतं. मी ते चौकटीत बसवून घेतलं, बाहेरच्या खोलीत लावलं आणि हिला हाक मारून दाखवलं. हिनं चष्मा लावून वाचलं आणि विचारलं, कसली काटकसर केली? मी म्हणालो, ते यात लिहिलेलं नाही.

ते दुसऱ्या दिवशी सकाळी वाचनालयाच्या दारावर लिहिलेलं होतं. या महिनाअखेरीस वाचनालय बंद करण्यात येत आहे. कारण म्हणून कंसात माझं अख्खं वाक्य होतं, ऱ्हस्व ‘नु’सकट.

आत सगळे जमले होते. बसचे जुने चालक, जे रोज मुलीसाठी नोकरीच्या जाहिराती उतरवून घेतात, ते दारावरची सूचना पुन्हा पुन्हा मोठ्यानं वाचत होते. लाँड्रीत इस्त्री करणाऱ्या बाई, ज्या दुपारच्या सुट्टीत पाय वर करून अर्धा तास कादंबरी वाचतात, त्या कादंबरी संपवायला किती दिवस उरले ते बोटांवर मोजत होत्या. हा ‘एक करदाता’ कोण, यावर चर्चा चालू होती. चालकांचं मत पडलं की हा कुणीतरी बंगल्यात राहणारा असणार, ज्याच्या घरात पुस्तकांची खोली आहे. इस्त्रीवाल्या बाई म्हणाल्या की तो आयुष्यात कधी वाचनालयात आलाच नसणार. मी मान हलवली. मग त्यांनी ठरवलं की या माणसाला सणसणीत उत्तर द्यायचं, आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मास्तर, तुमचं अक्षर चांगलं आहे, तुम्ही लिहा.

दाजी, मी लिहिलं. त्याच टेबलाशी बसून लिहिलं. सुरुवातीला हात चालेना, पण नंतर लय सापडली, आणि संशय येऊ नये म्हणून मी जरा जास्तच जोर लावला. बंद दाराआडून दुसऱ्याच्या सावलीचा हिशेब करणारा कोत्या मनाचा भित्रा इसम, असं मी स्वतःलाच म्हटलं. चालकांनी ‘भित्रा’च्या आधी ‘अत्यंत’ घालायला सांगितलं, तेही घातलं. पत्र छापून आलं. माझ्या सगळ्या पत्रांत ते सर्वांत चांगलं उतरलं आहे, कात्रण सोबत जोडलंय.

दोन दिवसांनी संध्याकाळी सहाच्या बातम्यांत मी दिसलो. ठळक अक्षरांत मथळा होता, ‘वाचनालयाच्या उधळपट्टीवर नागरिक संतप्त’. (आपल्या भाषेत एक नागरिकही नागरिकच आणि हजारही नागरिकच, त्यामुळे बातमी खोटी म्हणता येत नाही.) वीस मिनिटांतलं त्यांनी एकच वाक्य ठेवलं होतं. ‘रिकामटेकड्यांना तिथून उठवलं की आपोआप कामाला लागतील.’ ठरल्याप्रमाणे त्यांनी माझा चेहरा धूसर केला होता. गळ्यात लोंबणारी मापाची टेप मात्र धूसर केली नव्हती. दुकान बंद करून सहा वर्षं झाली, पण सवयीनं ती गळ्यात असते. शिवाय मागे भिंतीवर, पुढे ज्याला प्रशस्तिपत्र अडकवलं, तो खिळा होता आणि बाजूला तुमची वहिनी बसली होती. तिचा चेहरा धूसर करायला कुणी सांगितलंच नव्हतं.

तीन दिवस मी घराबाहेर पडलो नाही. दूधवाल्यालाही हीच सामोरी गेली. तिसऱ्या दिवशी तिनं प्रशस्तिपत्र उतरवून पलंगाखाली ठेवलं, भिंतीवरची धूळ पुसली आणि म्हणाली, “तुम्ही साठ पत्रं लिहिलीत. आता एकदा तोंडानं बोलून या.”

गेलो. चालकांनी माझ्याकडे बघितलं आणि अंक चेहऱ्यासमोर धरला. उलटा धरला होता. इस्त्रीवाल्या बाईंनी माझ्या नेहमीच्या खुर्चीवर आपली पिशवी ठेवली. मी सरळ ग्रंथपालबाईंच्या टेबलाशी गेलो. त्या पुस्तकांचे गठ्ठे बांधत होत्या. सुतळीला गाठ नीट बसत नव्हती म्हणून मी गाठीवर बोट दाबून धरलं. चार गठ्ठे झाले. शेवटी म्हणालो, बाई, ते पत्र माझं होतं.

“माहीत आहे,” त्या म्हणाल्या. “छापून आलं त्याच दिवशी कळलं. तो शब्द मीच दाखवला होता ना तुम्हाला.”

मी विचारलं, मग त्या दिवशी सगळे माझ्याकडून उत्तर लिहून घेत होते, तेव्हा तुम्ही बोलला का नाहीत?

त्यांनी गाठ आवळली. म्हणाल्या, “मला वाटलं, तेव्हा तुम्हीच बोलाल.”

आवाज चढवला नाही, टोमणा मारला नाही. मग खणातून त्या सकाळचा ताजा अंक काढून माझ्या हातात दिला. वाचकांच्या पत्रांचं पान वर येईल असा घडी घातलेला. अकरा वर्षं त्या अंकाची तशी घडी घालून ठेवतात आणि मला वाटायचं की अंक तसाच येतो. आम्ही शिवणारे लोक शिलाईच्या आत थोडं जादा कापड दाबून ठेवतो, पुढे अंग भरलं तर सैल करता यावं म्हणून. त्याला आम्ही माया म्हणतो. बाहेरून ती दिसत नाही, आणि ज्याला शिवण कळत नाही त्याला ते कापड वाया गेल्यासारखंच वाटतं. मला शिवण कळते असं मी चाळीस वर्षं सांगत आलो, दाजी.

नगरपालिकेची सभा गुरुवारी होती. मी गेलो. टेप घरी ठेवून गेलो, तर गळा उघडा वाटत होता. नागरिकांना दोन मिनिटं बोलता येतं. उठून म्हणालो की मीच तो करदाता, मी ते पत्र वाचनालयात बसून, वाचनालयाच्या शाईनं लिहिलं आणि आता मी ते मागे घेतो. सभागृहात हशा पिकला. नगराध्यक्षही हसले, आणि त्यांच्या कमरेचं बटण ताणलेलं मला तिथून दिसत होतं, पण तो विषय नव्हता. मागच्या बाकावर बसचे चालक बसले होते. ते मात्र हसले नाहीत. उठून माझ्याजवळ येऊन उभे राहिले. हसणं थांबल्यावर नगराध्यक्ष म्हणाले, मूळ सूचना लेखी आहे, तर माघारही लेखी हवी, विहित नमुन्यात. दोन आठवड्यांच्या आत आली तर वाचनालय निदान सकाळच्या वेळेत चालू ठेवता येईल आणि बाईंची नोकरीही राहील.

एवढं झालं. बरेच दिवस पत्र नव्हतं म्हणून खुशाली कळवावी, इतकाच हेतू होता. गुडघ्याला जपा. ताईला नमस्कार सांगा, लहानग्यांना आशीर्वाद.

तुमचा लाजलेला मेहुणा

ता. क. हेतू इतकाच नव्हता. तो विहित नमुना मी भरून नेला होता, तो परत आला. ‘माघारीचे कारण’ या रकान्यात मी ‘लाज वाटते’ असं लिहिलं होतं. कारकुनानं छापील यादी दोनदा तपासली आणि म्हणाला, हे कारण यात नाही. तुम्ही जन्मभर सरकारी कचेरीत अर्ज लिहिलेत आणि निकालात काढलेत. लाज वाटते हे सरकारी भाषेत कसं म्हणतात, ते कृपा करून लिहून पाठवा. मी खाली सही करीन, या वेळी माझ्या नावाची.

ता. क. दुसरा. या सगळ्याच्या आधी मी आणखी एक पत्र वर्तमानपत्राला पाठवलं होतं, निवृत्त सरकारी नोकरांच्या पेन्शनवर. ते या रविवारी छापून येतंय. थांबवायला गेलो होतो, पण ते पान जुळवून झालंय म्हणतात. त्यात ‘माझे एक नातेवाईक’ असा उल्लेख आहे, शिवाय गुडघ्याचाही. ते तुम्ही नव्हे असं इथे लिहिणार होतो, पण खोटं आता पुरे झालं. ते तुम्हीच आहात. माफ करा. अर्ज मात्र शनिवारच्या आत पाठवलात, तर लिहिताना तुमचा हात जरा हलका राहील.