अंग चोरणारा माणूस

पंचवटी, ८ जानेवारी २०२५

ती. सौ. सिंधुताई वन्संना,
शि. सा. न. वि. वि.

फोन यांच्या हाताशी असतो, म्हणून पत्र लिहिते. तुमच्या भावाचं बाहेर काहीतरी चालू आहे, असा मला संशय आहे. डबा तसाच परत येतो. आडतीचं दुकान बंद झाल्यावर कुठे जातात ते सांगत नाहीत. घरी येतात ते ओल्या केसांनी, साबणाचा वास घेऊन. खोलीतला आरसा काढून माळ्यावर टाकला. माझ्यासमोर सदराही बदलत नाहीत. पंचेचाळिशीत, एवढं पोट सुटलेलं असताना, अत्तर कुणासाठी लावायचं?

संक्रांतीला तुमच्याकडे येणार आहेत. गोडीगोडीने काढून घ्या. भाच्यांना पापा. माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
उज्वला

हरसूल, १६ जानेवारी

चि. सौ. उज्वलास अनेक आशीर्वाद.

किशोर येऊन गेला. तिळगुळालाही हात लावेना, तेव्हा मलाही तुझ्यासारखीच शंका आली. विचारलं तर व्यापाऱ्यांच्या बैठका असतात म्हणाला. खोटंच ते. मग अंगणात भोवळ येऊन पडला आणि बोलता झाला.

निकिताच्या मैत्रिणी त्याच्या पोटाला हसल्या. तेव्हापासून तुमची लेक त्याला शाळेच्या फाटकाबाहेर थांबायला सांगते. तो लांबच्या एका जिममध्ये जातो, तिथेच अंघोळ करतो. घामाचा वास येईल म्हणून अत्तर. तिथल्या कुणीतरी दिलेली पावडर जेवणाऐवजी पितो.

इथल्या डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी ती पावडर बंद केली. आधी वर्षानुवर्षं पहाटे लिलाव, मग मिसळ, दिवसभर गोड चहा, झोप जेमतेम. आता लाजेपायी दिवसा उपाशी राहतो आणि रात्री दुकानातच फरसाणाचे पुडे संपवतो. वजन अशानेच वाढतं, असं डॉक्टर म्हणाले. त्याला रागावू नकोस. निकिताशी मात्र बोल.

तुझी,
सिंधुताई

पंचवटी, २४ जानेवारी

ती. सौ. वन्संना सा. न.

पावडर मोरीत ओतली. आम्ही आता लवकर जेवतो. निकिता ऐकून रडली, पण बापाशी अजून मोकळेपणाने बोलत नाही.

काल मात्र वेगळंच कळलं. तुम्हाला लिहिलेलं पहिलं पत्र पेटीत टाकताना यांनी मला पाहिलं होतं. मी माहेरी कळवून निघून जाणार, असा यांनाच माझा संशय! म्हणाले, "अशा देहाजवळ कोण राहील, उज्वला?"

मी यांना सदरा काढायला लावला आणि पाठीला तेल चोळायला बसले. हे आधी आक्रसून बसले होते. बऱ्याच वेळाने खांदे सैल सुटले.

आता आमच्या दोघांवरही माया असू द्या.

तुमची,
उज्वला