ओल्या मोज्यांचा वास

३ मार्च

चि. खुडबुड्यास,

अनेक आशीर्वाद. फोनवर बोलले की आई कान टवकारते, म्हणून हे पत्र. तिचा गुडघा कुरकुरतो आणि तीही.

काल तुमच्या त्या जुन्या विमानावर, आम्ही जिला म्हातारी म्हणतो तिच्यावर, ड्युटी होती. खाली उतरायला लागलो आणि पुन्हा तोच वास, ओले मोजे आठवडाभर पिशवीत राहावेत तसा. कॅप्टननी मास्क लावला, एका इंजिनाकडून आत येणारी हवा बंद केली. आम्ही प्रवाशांना ओले नॅपकिन वाटले आणि हसतमुख उभ्या राहिलो, कारण आम्हीच मास्क लावले तर घबराट उडेल.

नोंदवहीत तक्रार लिहिली. ही तिसरी. आधीच्या दोन्हींखाली शेरा आहे, 'तपासले, दोष आढळला नाही', आणि तपासणाऱ्या इंजिनिअरची सही तुझी. ते कोंबडीचे पाय मी झोपेतही ओळखीन. मास्तर उगाच नाही माझी वही दाखवून तुला झोडपायचे. डोकं अजून ठणकतंय. जरा नीट बघ रे.

लोभ आहेच, त्याला गंज चढू देऊ नकोस.

तुझी ताई

११ मार्च

ती. स्व. ताईस,

शि. सा. न. वि. वि. माझ्या अक्षरावर घसरलीस, म्हणजे तब्येत उत्तम दिसते!

तिसऱ्यांदाही तपासलं. हँगरबाहेर अर्धा तास इंजिन चालवलं, आत बसून हुंग हुंग हुंगलं. काही नाही. तुमची म्हातारी जमिनीवर आली की गरीब गाय होते. खाली जे सापडत नाही ते मी लिहू कसं? आधी प्रवाशांत त्या मोज्यांचा मालक शोध.

आईला नमस्कार. लोभ आहे तेवढा पुरे, वाढवलास तर उपदेशही वाढतील.

तुझा खुडबुड्या

२ एप्रिल

चि. खुडबुड्यास,

आशीर्वाद. आज चेष्टा नको.

गेल्या आठवड्यात म्हातारीवर वीस मिनिटं वास होता. नवी मुलगी पँट्रीत खालीच बसली. मी घोषणा करत होते, 'कृपया आपले पट्टे' म्हटलं आणि पुढचं आठवेना. सतरा वर्षं म्हणतेय रे मी ते. प्रवासी तीनदा मोजले, तिन्ही वेळा आकडा वेगळा.

तेव्हापासून उजवा हात थरथरतो. आईला सांगितलंय, दगदग झाली. दहा तारखेला कंपनीच्या डॉक्टरांकडे तपासणी आहे. त्यांनी आधीच विचारलंय की विमानात कधी काही सापडलं होतं का. सापडलं असेल तर रजा, उपचार; नाहीतर माझ्या मनाचे खेळ.

म्हणून विचारते. कधी काही दिसलं होतं का तुला? खरं सांग. मला भीती वाटतेय.

तुझी ताई

७ एप्रिल

ती. स्व. ताईस,

शि. सा. न. तुझं पत्र खिशात घेऊन दोन दिवस नुसता फिरलो.

दिसलं होतं. दुसऱ्या तक्रारीच्या वेळी, इंजिनातून केबिनमध्ये हवा नेणाऱ्या नळीच्या तोंडाशी तेलाचा ओशट थर होता, बोटाला लागेल एवढा. इंजिन उघडायचं तर दोन दिवस विमान उभं राहणार, आणि उड्डाणाला चाळीस मिनिटं होती. साहेब घड्याळाकडे बघत होते. मीच फडक्याने पुसलं आणि सही ठोकली. वाटलं, एवढ्याशा तेलाने काय आभाळ कोसळणार. ते फडकंही कचऱ्यात गेलं.

हे सगळं वेगळ्या कागदावर सही करून जोडलंय. नोकरी गेली तर जाऊ दे. क्षमा माग म्हणतं मन, पण कोणत्या तोंडाने मागू?

तुझा भाऊ

१६ एप्रिल

चि. खुडबुड्यास,

अनेक आशीर्वाद. कागद वेळेवर पोचला.

कंपनीच्या साहेबांनी तो नोंदवहीशेजारी ठेवला आणि शांतपणे विचारलं की सही दोन्हीकडे याच माणसाची, तर खरं कोणतं धरायचं? त्यातून हा सख्खा भाऊ. म्हातारी पुन्हा जमिनीवर तपासली म्हणे. अर्थात काही नाही. तुझी मात्र चौकशी लावलीय.

डॉक्टरांनी मला एका पायावर उभं केलं, शंभरपासून उलटे आकडे म्हणायला लावले. नेमका त्या दहा मिनिटांत हात थरथरला नाही. मीही गरीब गाय झाले. त्यांनी लिहिलं, 'तपासले, दोष आढळला नाही.' गुरुवारपासून कामावर हजर व्हायचंय. ड्युटी म्हातारीवरच.

तुझा राग येतो, खूप येतो. पण रागावून तुझ्याशिवाय कुणाला लिहू?

हे एवढं लिहायला दोन दिवस लागले. पाकिटावरचा पत्ता आईकडून घालून घेतला. हात भरून आलाय म्हटलं. मी घातला असता तर ते कोंबडीचे पाय बघून पोस्टमनला वाटलं असतं, तूच तुला पत्र धाडलंस.

लोभ ठेव, माझ्याकडून आता तेवढाच नीट धरला जातो.

तुझी ताई