चूक आमच्या घरची

१७ जानेवारी १९६१, डहाणू
सकाळी कमळी भांड्यांना आली नाही. सौ. कुरकुरली. दहाच्या सुमारास कळले, तिच्या नवऱ्याला, नवशाला, पोलिसांनी रानशेतहून उचलले. गवताचा व्यापार करणाऱ्या शेठच्या वखारीतली गंजी जळाली, ती याने पेटवली असा आरोप. पोलीस पाटलासमोर कबूल केले म्हणतात.
दुपारच्या गाडीने पेपरच्या मुंबई कचेरीला चार ओळी. 'गंजी जाळणारा सापडला' हे उपसंपादकाला आवडले असते. मी 'संशयावरून अटक' लिहिले. बदलतीलच.
नवशा असे करील? आमच्या माडावर चढायला येतो, शांत माणूस. शांत माणसांबद्दल मी मत बनवत नाही.

१८ जाने.
कमळी आली. दोन भांडी घासली आणि तशीच बसून राहिली. तिच्याकडून कळले ते असे. मागे त्यांचा बैल वखारीत शिरला होता. मुनीम छगनभाईने तो कोंडवाड्यात घातला. धाकटा दीर जिवा तेव्हा त्याच वखारीत गवताच्या गासड्या बांधायला जायचा, आता काढलाय. तो सगळ्यांदेखत मुनिमाला बोलला, तुझं गवत पण असंच जाईल. मग आग. मग बोट यांच्या घराकडे.
बोलला जिवा, मग धरले नवशाला का?
कमळी म्हणाली, "भाऊ, थोरला तोच ना."
तिच्या लेखी एवढे उत्तर पुरे होते.

१९ जाने.
सामंत वकिलांकडे. त्यांनी सांगितलेले इथे टिपतो, नाहीतर घोळ होईल. कलम ४३५, आग लावून नुकसान. कायद्यात सात वर्षांपर्यंत, पण इथला मॅजिस्ट्रेट दोनच्या वर देऊ शकत नाही. पोलिसांपुढची कबुली पुरावा म्हणून चालत नाही. पोलीस पाटीलही पोलिसातच मोडतो, असा वाद ते घालणार. मॅजिस्ट्रेटपुढची कबुली मात्र पक्की. तिथे एकदा 'कबूल' म्हटले की साक्षीपुरावा न घेताही शिक्षा होऊ शकते.
आणि गुन्हा जामीनपात्र. म्हणजे जामीन हा नवशाचा हक्क, कोणाची मेहेरबानी नव्हे.
मग तो आत कशाला बसलाय?
"कोणी मागितलाच नाही म्हणून," सामंत म्हणाले, आणि चहा मागवला.

२१ जाने.
जामीन राहायला मालमत्ता लागते. आमच्याकडे आहे ती सौ.च्या नावावरची वरोरची वाडी. जेवताना विषय काढला.
"पळाला तर?"
नाही पळणार, म्हटले.
"बातमीत तुम्ही असं छातीठोक लिहीत नाही. तिथं 'समजते' असतं."
पण आली कोर्टाच्या कचेरीत. सही केली आणि बाहेर येऊन म्हणाली, आता त्याला माडावर चढवू नका, पडला तर वाडी जायची.

२३ जाने.
नवशा सुटला, पडवीत येऊन बसला. विचारले, पाटलापुढे बोललास काय? "बोललो, पंच पण होते तिथं. चूक आमच्या घरची."
हळूहळू उलगडा झाला. त्यांच्या पाड्यात एखाद्या घरावर संशय आला की त्या घरचा थोरला पंचांपुढे उभा राहतो, चूक आमच्या घरची म्हणतो, नारळ आणि कोंबडा देतो. सगळे एकत्र बसून खातात. मिटले. नेमके केले कोणी, हे विचारायचे नाही. नंतर विचारणाऱ्यालाच दंड.
कोर्टही त्याला तसेच वाटते. साहेबापुढे तेच बोलीन म्हणाला, लावतील तो दंड देईन. तुरुंगाचे त्याच्या ध्यानीमनीही नव्हते.
आणखी एक. कोठडीत असताना मुनीम भेटून गेला. म्हणाला, कोर्टात हो म्हण, शेठ माफ करील, मिटून जाईल.
कोठडीपर्यंत जायची मुनिमाला एवढी तळमळ का?

२४ जाने.
सामंतांना विचारले. "हा खटला शेठचा नाही, सरकारचा आहे. शेठनं नवशाच्या गळ्यात हार घातला तरी आपसात मिटत नाही." म्हणजे मुनिमाला कायदा माहीत नाही. किंवा फार चांगला माहीत आहे.

२७ जाने.
स्टेशनवर मालधक्क्याच्या बाबूशी गप्पा. सहज बोलून गेला की वखारीतले चांगले गवत आगीआधीच मुंबईच्या तबेल्यांकडे रवाना झाले होते, मागे राहिले ते भिजके. शिवाय गंजीचा विमा होता असेही बोलतात. कोण बोलतात, तर सगळेच. म्हणजे कोणीच नाही. आग लावणारा कोर्टात कबूल झाला तर विम्यावाल्यांचे प्रश्न संपत असतील काय? हा माझा तर्क.
फलाटावर छगनभाई. "काय भाऊसाहेब, पेपर सोडून वकिली चालू केली की काय? बरी चालते?" म्हटले, अजून शिकतोय.
घरी आलो तर वखारीकडून चिकूची करंडी येऊन गेलेली. सौ.ने आल्या पावली परत पाठवली. चिकू उत्तम होते, असेही सांगितले.
संशय घ्यायला भरपूर. छापायला एक ओळ नाही.

६ फेब्रु.
पोलिसांच्या कागदांच्या नकला आरोपीला खटल्याआधी फुकट मिळतात, हेही नव्याने कळले. सामंतांनी वाचल्या. आग लावताना पाहिलेला साक्षीदार एकही नाही. सगळी भिस्त नवशाच्या बोलण्यावर.
नवशाला समोर बसवून समजावले. त्याची अडचण वेगळीच. "नाही म्हटलं तर पंचांपुढचं बोलणं खोटं पडंल. आणि साहेब विचारंल, मग कोण?"
सामंत म्हणाले, ते पोलिसांनी सिद्ध करायचे, सांगायची सक्ती तुझ्यावर नाही. गप्प राहणे हाही तुझा हक्क.
"गप राहायला येतं आमाला," नवशा म्हणाला. सामंत हसले. तो नाही.
काय ठरवले, ते त्याच्या चेहऱ्यावरून कळले नाही.

२० फेब्रु.
कोर्ट. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी आरोप वाचला, सोप्या भाषेत पुन्हा सांगितला, मग विचारले, गुन्हा कबूल आहे काय? नवशाने मान वळवली. सामंतांकडे नाही, कमळीकडे नाही. दाराशी जिवा उभा होता, त्याच्याकडे. साहेबांनी पुन्हा विचारले.
"नाही कबूल."
छगनभाई उठून गेला. पाठोपाठ जिवा. दोघे एकाच वेळी गेले, यात काही असेल किंवा नसेल. साक्षींसाठी मार्चची तारीख.
बाहेर मी खुशीत. कमळी म्हणाली, "आता दुसरा शोधतील ना, भाऊ?"
बातमी: 'आरोपीकडून आरोपाचा इन्कार.' छापणार नाहीत.

२३ फेब्रु.
नाही छापली.
रानशेतला शिपाई येऊन जिवाची चौकशी करून गेला. जिवा घरी नाही, झरीला बहिणीकडे गेला म्हणतात. कमळी काम नीट करते, बोलत नाही. पंचांनी नवशाला बोलणे फिरवल्याबद्दल विचारले म्हणे. पाड्यात यांच्याकडचा विस्तव कोणी नेत नाही, म्हणजे वाळीतच.

२६ फेब्रु., रविवार
दुपारी जिवा आला, एकटा. पायात नवे बूट. पडवीच्या कडेला बसला, बूट काढले नाहीत.
"भाऊ, एखादा आपणहून साहेबापुढं गेला, तर थोरल्याला सोडतात?"
विचारले, हे तुला कोणी सुचवले? कोणी नाही. बूट? झरीच्या बाजारातले. वखारीत पुन्हा घेतायत का? "घेऊ म्हणतात."
भावासाठी आला की मुनिमाने पाठवला? की दोन्ही? इतकी वर्षे माणसांना विचारून बातम्या काढल्या, आज चेहरा वाचता येईना.
म्हटले, मला काही सांगू नकोस. मी वकील नव्हे. उद्या मलाच साक्षीला उभे करतील. आधी वकिलाकडे जा. सामंतांकडे नको, ते नवशाचे. तुझा वेगळा पाहिजे.
त्याने बुटावरची धूळ पुसली.
"म्हणजे आमी दोघं आता वेगळे?"
कोर्टापुरते, म्हटले.
"घर तर एकच आहे."
सौ.ने चहा ठेवला, तो तसाच. ऊन पडवीतून गेले, तरी हा बसलेलाच. मागच्या दाराने कमळी आली आहे, सौ. तिला स्वयंपाकघरात अडवून बसली आहे. नवशाला निरोप धाडावा की धाडू नये, ठरत नाही. मी हे लिहितोय आणि जिवा दारातून माझ्या हाताकडे बघतोय.